कामावरील मरणाची नोंद



वसंत ऋतूत व्याख्याने ठेवण्याची आपल्याकडील चाल जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात तिचा पाया घातला आणि पुढे ती गावोगाव पसरली. अशा मालेत विद्वानांनी बोलावे आणि आपल्यासारख्यांनी ऐकावे, हा रिवाज. मी विद्वान नव्हे. माझी उभी हयात या जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मस्टर लिहिण्यात गेली. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘कामावर मेलेली माणसे’ असे सांगितले. त्यांचा चेहरा जरा उतरला. उन्हाळ्याची सुट्टी, मुलेबाळे घरी आलेली, आणि हे गृहस्थ मरणाचे काय घेऊन बसले, असे त्यांना वाटले असावे. पण त्यांनी मोडता घातला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

हा विषय याच दिवसांत काढण्याला कारण आहे. १४ एप्रिल हा दिवस आपण बाबासाहेबांची जयंती म्हणून साजरा करतो. हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. ते त्या जागेवर असतानाच, १९४४ च्या १४ एप्रिलला, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या बोटीला आग लागली. पोटात कापूस आणि शेकडो टन स्फोटके. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या स्फोटांत गेले. त्यांची आठवण म्हणून देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. पुढे २८ एप्रिल येतो. कामावर मेलेल्यांच्या स्मरणाचा हा दिवस कॅनडातील कामगार संघटनांनी १९८४ च्या सुमारास सुरू केला, आणि २००३ पासून आंतरराष्ट्रीय मजूर संघटनाही तो पाळते. त्यानंतर तीनच दिवसांनी १ मे. त्या दिवशी आपल्याकडे मिरवणुका निघतात, झेंडे लागतात, ग्रामसभा भरतात. २८ एप्रिलची मात्र कोणाला खबरही नसते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. अहिल्यानगर हे नवे नाव झाले, पण माझ्या तोंडी अजून ‘नगर’च येते, त्याबद्दल क्षमा असावी.

नेवासे तालुक्यात वाकडी नावाचे गाव आहे. २०२४ सालचा गुढीपाडवा, ९ एप्रिल. वस्तीवरची एक जुनी, वापरात नसलेली विहीर शेणाच्या गॅसच्या खड्ड्यासारखी वापरली जात होती. तीत एक मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा. असे एकामागून एक सहा जण उतरले. पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्या माणसांनी तो ओढून घेतला.

ही बातमी तुम्ही सर्वांनी वाचली होती. मांजरासाठी पाच माणसे गेली म्हणून काहींनी हळहळ केली, काहींनी तर त्या माणसांना वेड्यात काढले. मला यात वेडेपणा दिसत नाही. आपला माणूस डोळ्यांदेखत कोसळला असता काठावर उभे राहून विचार करीत बसणारा माणूस आपल्या गावात जन्मायचा आहे. त्यांच्याजवळ धैर्य भरपूर होते आणि माया त्याहून अधिक. नव्हती ती माहिती, आणि नव्हता तो पाच जणांच्या कमरेचा दोर.

कोणी म्हणेल, हे कामावरचे मरण नव्हे, हा घरचा प्रकार. पण शेतकऱ्याच्या वस्तीवर घर कुठे संपते आणि काम कुठे सुरू होते? गोठा, खड्डा, विहीर, मोटारीचा स्टार्टर, कडबा कापायचे यंत्र, हा त्याचा कारखानाच आहे. फक्त त्याला भोंगा नाही आणि फाटक नाही.

त्या विहिरीत काय होते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण असे खड्डे आज गावोगाव आहेत. शेण कुजले की त्यातून मिथेन निघतो. तोच आपण चुलीत जाळतो. त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. आणि थोडासा हायड्रोजन सल्फाइड. याला सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. आपण समजतो, वास आला की सावध होऊ. पण हा वायू मोठा कपटी आहे. त्याचे प्रमाण वाढले की तो आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. उतरणाऱ्याला वाटते, वास गेला, हवा निवळली; आणि दोनचार श्वासांत तो खाली बसतो. मोकळ्या हवेत शंभर भागांत सुमारे एकवीस भाग प्राणवायू असतो. तो दहाच्या खाली गेला तर धट्टाकट्टा पैलवानसुद्धा हाक मारायला उरत नाही. म्हणून ‘मी श्वास रोखून जातो आणि येतो’ हा हिशेब तेथे चालत नाही.

आपल्याकडचे जुने विहीर खोदणारे पडक्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरायचे नाही. ती चाल शहाणपणाची होती, पण ती साध्या विहिरीपुरती. शेणाच्या खड्ड्यात कंदील सोडाल तर मिथेन पेट घेईल. वाडवडिलांचे शहाणपण नव्या खड्ड्याला जसेच्या तसे लागू पडत नाही, ते असे.

आता गंमत पाहा. गंमत कसली, दुर्दैव म्हटले पाहिजे. वाकडीला ज्याने एक माणूस वाचवला तो दोर आपल्या देशाच्या कायद्यात १९४८ सालापासून लिहिलेला होता. कारखाने अधिनियमाचे ३६ वे कलम उघडून पाहा. टाकी, खड्डा, नळ, जेथे विषारी वायू असण्याचा संभव आहे, तेथे हवा तपासून जाणत्या माणसाने लेखी दिल्याखेरीज कोणी उतरू नये. नाहीतर श्वास घेण्याचे साधन लावून, कमरेला पट्टा बांधून उतरावे, पट्ट्याला दोर असावा, आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे. ‘बाहेर उभ्या असलेल्या’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होते की बाहेरचा माणूस आत धावणार. म्हणून त्याने त्याच्या हातात दोर देऊन त्याला बाहेर खिळवून ठेवला. हे शहाणपण कोणाच्या तरी मरणातून आलेले असणार. खुर्चीवर बसून ते सुचत नाही. पण हे पुस्तक कारखान्याच्या फाटकातच राहिले. फाटकापासून दोन कोसांवरच्या वस्तीला त्याचा पत्ता लागला नाही.

मंडळी, आपल्या गावात मारुतीच्या देवळापाशी किंवा वेशीत शेंदूर फासलेले उभे दगड असतात. आपण त्यांना देव समजून नारळ फोडतो. त्यांतले पुष्कळसे वीरगळ आहेत. गावावर धाड आली, गुरे वळून नेली, ती सोडवताना जो पडला त्याच्या नावाचा तो दगड. वरच्या टप्प्यात तो शिवाची पूजा करतो आहे, मधल्यात अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. हे झाले गौरवाचे. पण सर्वांत खालचा टप्पा नीट पाहा. तेथे त्याचे मरण कोरलेले असते. लढाई, घोडा, भाला. कित्येक दगडांवर गाईसुद्धा असतात. म्हणजे हा माणूस कशाने मेला, कोणत्या कामात मेला, हे त्या निरक्षर काळात गावाने दगडावर लिहून ठेवले. गौरव वर, हकीकत खाली. आणि पाया हकीकतीचा.

आपण आज उलटे करतो. माणूस कामावर गेला तर आपण गौरव करतो. हार घालतो, दोन मिनिटे उभे राहतो, कारखाना एक पाळी बंद ठेवतो. हकीकत मात्र गाळतो. आणि हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी बोलत नाही. हकीकत गाळण्याचे काम मी स्वतः केलेले आहे.

पन्नासएक वर्षांपूर्वीची गोष्ट. गाळप जोरात होते. रात्रपाळीला गव्हाणीपुढच्या कॅरिअरमध्ये ऊस अडकला. तो मोकळा करायला एक हेल्पर पोरगा वर चढला. कॅरिअर थांबवायला हवा होता. पण गाळप किती मिनिटे बंद राहिले याचा हिशेब दुसऱ्या दिवशी वर द्यावा लागे, आणि तो हिशेब कोणालाच नको असे. पोराचे धोतर की पंचा साखळीत गेला, आणि मग तो गेला. वय वीस-बावीस. लग्न होऊन वर्ष झाले नव्हते.

अपघाताच्या वहीत नोंद करण्याचे काम माझे. त्यात एक रकाना होता, ‘अपघाताचे कारण’. मला वरून सांगण्यात आले आणि मी लिहिले : कामगाराचा निष्काळजीपणा. साखळीवरचा गार्ड दुरुस्तीसाठी काढला होता आणि चार दिवस तो परत बसवला नव्हता. हे फिटरला ठाऊक होते, शिफ्टच्या साहेबाला ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते, कारण गार्ड माझ्या खिडकीखालीच भिंतीला टेकून ठेवलेला होता. मी रोज तो पाहत होतो. तरी लिहिले ते लिहिले. अक्षर माझे चांगले होते, मोत्यासारखे म्हणत.

त्या दोन शब्दांनी काय झाले ते पुढे माझ्या लक्षात आले. त्याच्या घरच्यांना भरपाई मिळाली. कारण कामगार मेला असेल तर नुसत्या निष्काळजीपणावरून भरपाई बुडत नाही, असा कायदा आहे. पण त्या नोंदीमुळे दोष मेलेल्यावर गेला, म्हणून जिवंतांनी काही बदलले नाही. गार्ड काढल्यावर तो बसेपर्यंत कॅरिअर चालू करायचा नाही, असा नियम झाला नाही. नोंद खरी असती तर झाला असता. माझ्या एका ओळीने पुढच्या हंगामाच्या माणसाचे रक्षण काढून घेतले.

नियम कसे जन्मतात ते पाहा. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे मेली. पुढच्याच वर्षी बंगालात बॉयलर तपासण्याचा कायदा आला. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात वायू सुटून हजारो गेले. १९८७ साली कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांचे नवे प्रकरण घातले गेले. कायद्याचे पुस्तक आपण रुक्ष म्हणून मिटतो, पण ते वीरगळांचे कोठार आहे. प्रत्येक कलमाखाली कोणीतरी झोपला आहे.

आणि हे आपोआप होत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण रविवारची सुट्टी घेताना तरी आपण करावी. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. त्यात सुट्टी आणि वेळेवर पगार या मागण्या होत्याच. पण एक मागणी अशीही होती की, कामावर जखमी झालेल्याला बरा होईतो पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा पंगू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली. लोखंडे १८९७ मध्येच वारले होते. मागणी आणि कायदा यांत एकोणचाळीस वर्षे गेली. तेवढ्यात किती हात गेले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आज कायदा पुष्कळ आहे. जुन्या कारखाने अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेने घेतली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण तीत कारखाना कोणाला म्हणावे याची मर्यादा वाढवली आहे. पूर्वी वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की कारखाना होई, आता वीस लागतात. बिनविजेच्या ठिकाणी विसांचे चाळीस झाले. लहान उद्योगाला मोकळीक मिळावी असा यामागील हेतू सांगतात. माझे मत विचाराल तर लहान शेडमध्येच माणूस जास्त एकटा असतो. पंधरा माणसांच्या वर्कशॉपात ना सेफ्टी ऑफिसर, ना युनियन.

आणि ऊसतोडीचा माणूस तर कोणत्याच शेडमध्ये बसत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथून दिवाळीच्या मागेपुढे कोयते निघतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. माणसाचे नाव हत्यारावरून पडले, यातच सगळे आले. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचे, साप-विंचू पायाखाली, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायचे. त्यातली बाई पोटुशी असली तरी फळी तीच. रात्री उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या अंधाऱ्या रस्त्याने जातात. मागे दिवा नाही. ऊस बाहेर आलेला, त्यात लाल कापडसुद्धा झाकले जाते. टायरगाडीवर झोपलेला बैलवाला मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही. पाचपन्नास रुपयांच्या लाल चमकत्या पट्टीने तो दिसला असता.

तो मेला म्हणजे मग प्रश्न येतो, हा माणूस कुणाचा? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, टोळी मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी उचल दिली, नोकरी दिली नाही. वास्तविक १९२३ च्या कायद्यातच तरतूद होती की, ज्याच्या धंद्याचे काम कंत्राटदारामार्फत चालते त्याने आधी भरपाई द्यावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करीत बसावे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याला उत्तर ठाऊक होते. पण कारखान्याच्या मस्टरवर तोडणाऱ्याचे नाव नसते, आणि मी मस्टर लिहिणारा आहे म्हणून सांगतो, ज्याचे नाव मस्टरवर नाही तो मेल्याची नोंद करायला पान सापडत नाही.

या जिल्ह्याला हे शोभत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून देशाला नवी वाट दाखवली, ती याच मातीत. शेअर घेतलेल्या शेतकऱ्याला मालक करण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांच्या जिल्ह्यात ऊस तोडणारा निनावी मरावा, हे मला फार लागते.

तर माझे मागणे थोडके आहे. दसऱ्याच्या सुमारास आपल्या कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, पुढे गव्हाणीत मोळी टाकतात. पूजा होते, पुढाऱ्यांची भाषणे होतात. त्याच वेळी, भाषणांच्या आधी, मागील हंगामात कारखान्यात, फडात आणि रस्त्यावर जे गेले त्यांची नावे वाचावीत. आणि प्रत्येक नावापुढे तो कसा गेला आणि काय असते तर वाचला असता, हे वाचावे. मस्टरवर नाव असो वा नसो. तसेच १ मेच्या ग्रामसभेत गावच्या शेतात, विहिरीत, तारेवर, बांधकामावर गेलेल्यांचे व्हावे. पाच मिनिटांचे काम आहे.

यावर दोन आक्षेप मला ऐकवण्यात आले. एक म्हणजे शुभकार्यात मरणाचे नाव नको. पण वीरगळ आपण देवळाच्या दारात ठेवले आहेत; तेव्हा देवाला ते अशुभ वाटले नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा : कारण उघड वाचले की दावे होतील, म्हणून कोणी खरे लिहिणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे, मी ते उडवून लावीत नाही. मी स्वतः त्याच भीतीने खोटे लिहिले. म्हणून माझ्या मनातील वहीत ‘दोष कोणाचा’ असा रकानाच नाही. नाव, गाव, वय, काम कोणते, मरण कसे आले, आणि काय असते तर टळले असते, एवढेच. दोष ठरवायला कोर्ट आहे. आपल्याला फक्त दोर कुठे नव्हता ते लिहायचे आहे.

अशी एक वही मी विकत आणली आहे. पहिली नोंद त्या कॅरिअरवरच्या पोराची आहे. नाव त्याच्या घरच्यांना विचारून लिहीन, तोवर जागा मोकळी सोडली आहे. बाकीचे रकाने भरले आहेत. शेवटच्या रकान्यात लिहिले आहे : गार्ड चार दिवस भिंतीला टेकून होता, तो बसवला असता तर, आणि मी सांगितले असते तर. वाकडीची नोंद दुसरी आहे.

वही मी येथे टेबलावर ठेवतो. सभा संपल्यावर मंडपातला दिवा थोडा वेळ राहू द्यावा, अशी चालकांना विनंती आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी माझ्याजवळ बसून सांगावे, मी लिहून घेईन.